लाल फ्रेमचा चष्मा

हॅलो?… हां, बोल वहिनी. नाही गं, शिवणयंत्रावर नाहीये, सरांच्या पँटचं माप घेतेय… बोल तू, ते राहतील उभे. शाळेत आयुष्यभर पोरांना उभं केलंय त्यांनी, आज त्यांची पाळी.

मिळाला मुंगीचा चष्मा? मग?… घालत नाही म्हणजे?… जेवणाच्या टेबलाखाली? कधीपासून?… अगं बाई, अकरा वाजल्यापासून!… आणि चष्मा कुठंय?… कोणाच्या बुटात?

मग माझ्या भावाला सांग ना. बाप आहे ना तिचा, काढ म्हणावं बाहेर… तोही टेबलाखाली? समजूत काढायला?… आणि?… उसण भरली! झालं. म्हणजे आता दोघं तिथे… हो, हो, शेक दे. टेबलाखालीच दे, कुठे हलवतेस त्याला.

मी नाही हसत गं. सर हसले… सर, पोट आत ओढू नका, मग पँट बसत नाही आणि माझ्या नावानं ओरडता.

अगं ऐक ना. डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग… नाही घातला तर डावा डोळा कायमचा अधू? कायमचा म्हणजे… मोठेपणी ऑपरेशन करूनसुद्धा नाही?… अरे देवा. पाच वर्षांची पोर ती. म्हणजे आजपासूनच घातला पाहिजे… पण काल तर नाचत होती ना? लाल फ्रेम घेऊ का निळी, म्हणून मला तीनदा फोन केला तिने, शेवटी लाल ठरली. मधेच काय बिनसलं?

काय विचारलं डॉक्टरांनी?… ‘घरात आणखी कोणाला असा जाड चष्मा आहे का?’ बरं. तू काय सांगितलंस?… ‘माहीत नाही.’ तिच्यासमोर?… आणि त्यांनी फॉर्मवर तसंच लिहिलं. हं… मग रिक्षात तिने विचारलं. काय विचारलं?… परत सांग… ‘मग माझे डोळे कोणाचे?’

थांब, तोंडातल्या टाचण्या काढते.

तुझं काहीएक चुकलं नाही. खरं तेच सांगितलंस तू… अगं रडतेस काय? ऐक. ते वाक्य माझं आहे… कोणतं काय! ‘कोणाची कोण, काही माहीत नाही.’ संस्थेतून मुलगी आणायचं तुम्ही ठरवलंत, तेव्हा तुमच्या हॉलमध्ये उभं राहून कोण म्हणालं होतं? मीच ना? चहासुद्धा न घेता निघाले. ती आली तरी सात महिने पाऊल टाकलं नाही तुमच्या घरात… तू विसरली असशील, मी नाही विसरले. लाज वाटते मला त्याची, अजून वाटते… पुरे आता. नाक पूस. डॉक्टरांना फोन कर नि सांग, आत्याला आहे म्हणून.

काय आहे म्हणजे? चष्मा!… मला नाहीये ते मला माहीत आहे गं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवते, अख्ख्या गल्लीला सांगत फिरले आहे. बघून घेईन गल्लीला… खोटं कसलं? संध्याकाळपर्यंत खरं होईल… तुझ्या काकांचा आहे म्हणतेस? तो मोतीबिंदूचा, नाही चालायचा, जाड भिंग पाहिजे. थांब एक मिनिट.

सर, तुमचा चष्मा काढा… काढा हो, पँट नाही मागत तुमची… द्या इकडे. आई गं! हे असं दिसतं तुम्हाला? माझी भिंत हलतेय… वहिनी, फोटो पाठवते. सर, हा फोन धरा, हे गोल दिसतंय ना, तिथे दाबा… दिसत नाही? बरं, माझं बोट कुठे आहे तिथे… सर, तो कपडे अडकवायचा पुतळा आहे! मी इकडे! आवाजाच्या दिशेने धरा… हं. पाठवला. आला? दे तिला फोन… त्याच्या पाठीवरून सरकव, एवढं काय.

हॅलो? कोण बोलतंय?… मुंगी? मुंगी तर हरवली म्हणे… टेबलाखाली होय. बाबा काय करतोय?… कण्हतोय. कण्हू दे.

फोटो बघितलास? कोण आहे?… हो, आत्याच. नाकावर काय आहे?… बरोबर. जाड चष्मा. आजच लागला… कोणासारखा म्हणजे? आजीला नव्हता, आजोबांना नव्हता. बाबाला आहे का, बघ… नाही ना? आपल्या घरात कधी कोणाला नव्हता. आधी तुला लागला, मग मला. आता सांग, मी कोणावर गेले?… मोठ्याने बोल… तुझ्यावर. हो तर! दुसरं आहे कोण?

माहीत आहे गं मला, संस्थेतून आणलं तुला. बाबाला दवाखान्यातून आणलं. मी दहा वर्षांची होते, बघितलं नि म्हटलं, परत द्या हा… खरंच!… हसतोय का तो? हसू नको म्हणावं, आणखी उसण भरेल.

तुला?… हो. तुलाही तसंच म्हणाले होते… चुकलं माझं… खूप मोठी चूक… हो, बाबाएवढी मोठी… कट्टी? किती दिवस?… शंभर! चालेल. पण चष्मा घालून कट्टी धर हां, नाहीतर मी समोर आले तर ओळखशील कशी? बोलून बसशील.

घालतेस?… बाबाचा बूट जवळच आहे ना?… पूस आधी. फ्रॉकला पूस… घातलास? काय दिसतंय?… टेबलाच्या खालून च्युइंगम? कोणी चिकटवलं?… बाबाने! सांग आईला, जोरात सांग. आणखी?… माझा फोटो? काय झालं फोटोला?… उलटा?… उलटा घातलाय मी?

सर, चष्मा उलटा होता माझ्या नाकावर! सांगायचं नाही का?… हो, तुम्हाला कसं दिसणार म्हणा.

हॅलो… हां वहिनी. बाहेर आली? चष्म्यासकट?… बापाला ओलांडून आली! बरं झालं… रडू नको गं तू, डोळे सांभाळ, घरात आता तुमचे दोघांचेच चांगले उरलेत… पाच वाजता येताय? नको, सहाला या. मला एक काम आहे… हो, ती कट्टीच आहे, तरी आण तिला… ठेवते. हो गं, ठेवते.

घ्या सर तुमचा चष्मा. पँट उद्या. चला माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात… नंबर? नंबर काही नाही हो, शून्य. पण काच जाड पाहिजे. आणि फ्रेम लाल.