न शेकलेलं पान

दवाखान्याच्या बाकावर मास्तर दाढ धरून बसले होते आणि मागच्या बाकावर, खिडकीशी, दोघी जावा बोलत होत्या. धाकटीच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं.

"काय बांधलंयस त्यात?"

"कुंडीतल्या पानफुटीचं पान. कापलं-भाजलं की सासूबाई बांधायच्या, तेच."

"तव्यावर शेकून ना?"

"शेकायचं असतं?"

"अगं बाई! पानफुटी ती. नुसतं पान कपाटावर टाकलं तरी कडेकडेनं कोंब काढते. शेकल्याशिवाय त्या कधी अंगाला लावू द्यायच्या नाहीत."

"मला वाटलं, कच्च्याला गुण जास्त."

"कधी बांधलंस?"

"मागच्या आठवड्यात. आता दुखत नाही, जाऊबाई. आतल्या आत नुसतं हुळहुळतं."

"सोडून बघायचंस!"

"सोडलं की. फडकं निघालं, पान निघेना."

"मग ओढायचं!"

"ओढलं. पार काखेपर्यंत ताण बसला."

मास्तर दाढ विसरले.

"ऊठ बघू. तुझा नंबर पुकारला."

"बसू द्या ना जरा. इथे ऊन किती छान येतंय."