चार लाखांची सूट आणि तीन अक्षता

हं, टाळ जरा खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा. एक सवाल टाकतो — माणूस फसतो कशानं? समोरच्याच्या लबाडीनं, की स्वतःच्या हुशारीनं? खांबाजवळचे काका म्हणतात, लबाडीनं! थांबा काका, आधी धोंडिबा लोहाराची गोष्ट ऐका!

हा धोंडिबा कराडचा गॅरेजवाला. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. कान असा, की आपले मृदंगबुवा — हो, तुमच्याबद्दलच बोलतोय! — थाप ओळखतात, तसा हा इंजिनाचा ठोका ओळखायचा. पण घरात? स्कूटर जुनी, कपाट जुनं, बायको अनुसया — हसू नका, बायको मात्र पहिलीच! त्या माउलीला जन्मात कोरी वस्तू मिळाली नाही. लग्नातला शालूसुद्धा जावेचा! साठीला धोंडिबानं शब्द दिला, "अनु, साहेबांची असते तशी लांबलचक गाडी घेईन. आणि तिच्यात पहिली बसशील ती तू."

गेले दोघं कोल्हापूरला, मोठ्या शोरूममध्ये. अनुसयानं पूजेसाठी घरून तांब्यासुद्धा घेतलेला! फरशी इतकी चकचकीत, की धोंडिबानं दारातच चपला काढल्या. मॅनेजरच्या जिभेवर खडीसाखर. म्हणाला, ही पांढरी न्या, वर्षअखेर आहे, चार लाख सूट, फक्त आजच्या दिवस. चार लाख! मंडळी, सुटलं ना तोंडाला पाणी? त्याच्याही सुटलं.

धोंडिबानं इंजिन चालू करायला लावलं. बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. एक, दोन, तीन — तिसरा ठोका लंगडला! कोऱ्या गाडीचा? कान म्हणाला, ऊठ, चल घरी. आणि हाव काय म्हणाली? अरे, तू मिस्त्री ना! एका दुपारात नीट करशील, चार लाख खिशात! बघा हं, अडाणी माणूस भिऊन तरी थांबतो, जाणकार मात्र जाणतेपणाच्या भरवशावर खड्ड्यात उतरतो. यानं सहीला पेन मागितला!

अनुसया तोवर गाडीभोवती फिरत होती. काचेखालच्या फटीत तिनं बोट घातलं, काहीतरी टिपलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. तांदळाचे तीन दाणे. कुंकवानं माखलेले.

"अहो," ती म्हणाली, "हिची पूजा कुणीतरी आधीच केलीय."

गाडी धुतली, चकाकवली, पण वाहिलेली अक्षता कुठं जाऊन बसते, हे त्या टायवाल्याला काय ठाऊक? जिनं आयुष्यभर देवघर पुसलं, तिलाच ते ठाऊक! मॅनेजरला घाम फुटला. कबूल झाला — एका गिऱ्हाइकानं नेली होती, इंजिनाची तक्रार करून महिन्यात परत आणली.

धोंडिबा त्या दाण्यांकडे बघत राहिला. लाज वाटली त्याला. म्हणाला, "मला ऐकू आलं होतं, अनु. मी गप्प बसलो."

मग मात्र गडी उठला! म्हणाला, कोरी गाडी काढा, आणि तिचा ठोका मी ऐकणार. आजूबाजूची गिऱ्हाइकं कान टवकारून उभी, मॅनेजर काय करतो? काढली निळी. धोंडिबानं हात ठेवला — चारही ठोके सरळ, सम चुकत नाही! सूट किती, ते अनुसयानं बघितलं. म्हणाली, रोगट गाडीला चार देत होता, निरोगीला निदान दोन तरी द्या. दिले की हो मुकाट्यानं!

आठ दिवसांनी नंबर पडला. अनुसया मागच्या सीटवर, मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या, आणि गाडी थेट जोतिबाच्या डोंगरावर! चढ उभा, वळणं आवळलेली, पण इंजिनाला धाप नाही, तांब्यातला थेंब सांडला नाही. वर पोचल्यावर त्याच पाण्यानं तिनं चाकं धुतली, आपल्या हातानं पहिली अक्षता वाहिली. साठीच्या बाईनं, मंडळी, पहिल्यांदा कोऱ्या वस्तूला कुंकू लावलं. धोंडिबा ढसाढसा रडला.

आता बोला काका! लबाडी समोर होतीच, पण फसवत कोण होतं? आतला ठोका लंगडला की तुम्हाआम्हाला ऐकू येतो, अगदी स्पष्ट ऐकू येतो. सूट दिसली की आपण ऐकलं नाही असं करतो. आज घरी जाताना छातीवर हात ठेवा, डोळे मिटा आणि ऐका. ऐकलंत तर गप्प बसू नका. आणि आता सगळ्यांनी, त्या माउलीच्या कोऱ्या गाडीसाठी एकदा मोकळ्या गळ्यानं म्हणा — जोतिबाच्या नावानं चांगभलं!