ईयोबाच्या दुसऱ्या मुली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील आदरणीय कू साहेब. सुंचनहून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे पाळक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पाळक मुन बोंग-गिल आणि पाळकीणबाई. आणि खाडीवरच्या माझ्या बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

महिला संघाच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. आत येताना अध्यक्षांनी मला थांबवून सांगितलं, "येमिमा, पाचच मिनिटं. आणि जरा गोड बोल." पाच मिनिटांचं पाळायचा मी प्रयत्न करीन.

पाळकसाहेब इथे आले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी ते मोठं वादळ आलं. माझ्या आईवडिलांची किमचं समुद्री शेवाळ वाळवायची शेड होती. समुद्रातून काढलेलं किम आत घेऊन दोघं पुन्हा होडीकडे गेले आणि तिन्ही मुलांना शेडमध्येच बसायला सांगून गेले. थोरल्याचा वाढदिवस होता, म्हणून आईने त्यांना भाताचे केक दिले होते. वाऱ्याने चारही खांब उखडले. छप्पर मुलांवर आलं.

पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातांनी पत्रे उचलले. त्यांच्या उजव्या तळव्यावरचा व्रण आपण सर्वांनी पाहिला आहे. तो त्या दिवसाचा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मी तो लहानपणापासून पाहत आले आणि प्रत्येक वेळी मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकताना ते लक्षात राहायला हवं.

तिघांच्या दफनाच्या वेळी त्यांनी बायबलातला ईयोबाचा अध्याय वाचला. ईयोबाची मुलंही वाऱ्याने घर कोसळून गेली होती. तरुण पाळकाला दुसरं काय सुचणार? ते माझ्या आईला म्हणाले, की देवाने ईयोबाला पुन्हा मुलं दिली, तुम्हालाही देईल. गेलेल्यांची नावं घरात घेऊ नका, ती जखम भरू द्या.

दीड वर्षाने मी झाले. नाव पाळकसाहेबांनीच ठेवलं. येमिमा ही ईयोबाला नंतर झालेली थोरली मुलगी.

दर वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी ते मला वेदीजवळ उभं करत. देव कसा घेतो आणि कसा परत देतो, याची मी साक्ष होते. मंडळी टाळ्या वाजवायची. माझे वडील रडायचे. आई पहिल्या बाकावर बसून हातमोज्याची शिवण उसवत असायची. आई मला कधीच नावाने हाक मारत नसे. "ए पोरी" म्हणायची.

मी नऊ वर्षांची असताना मला कोठीतल्या रिकाम्या मडक्यात रबरी बुटांचा एक जोड सापडला. माझ्या मापाचा होता, मी घातला. आईने तो माझ्या पायांतून ओढून काढला. मारलं नाही. समोर बसून अगदी शांतपणे म्हणाली, "ती तिघं असती तर तू झालीच नसतीस. आणि मला ते चाललं असतं."

मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांना विचारलं, ईयोबाच्या बायकोला नवीन मुलं आवडायची का? ते हसले. म्हणाले, देवाने तिला सगळं दुप्पट दिलं होतं. मी म्हटलं, "ढोरं दुप्पट दिली. मुलं तेवढीच दिली." त्यावर त्यांनी समजावलं की ईयोबाची पहिली दहा मुलं स्वर्गात आहेत, म्हणून तीही धरायची. मला ते पटलं नाही. पुढच्या रविवारी माझा हा प्रश्न त्यांनी प्रवचनात सांगितला, तेव्हा सगळे कौतुकाने हसले.

वीसेक वर्षं गेली. वडील वारले. पाळकसाहेबांची नात, पाच वर्षांची स-राङ, मेंदूज्वराने तीन दिवसांत गेली. गावात कुणी कुणी म्हणालं, की देवाने पाळकाचीही परीक्षा घेतली. माझ्या मनात आलं, की बरं झालं. होय, पाच वर्षांच्या पोरीबद्दल.

मी अंत्यविधीच्या हॉलमध्ये गेले. सगळे तिखट रश्श्याच्या वाट्यांवर वाकून जेवत होते. पाळकसाहेब फोटोजवळ बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची सून, स-राङची आई जी-वन. मी गुडघे टेकून वंदन केलं. मग पाळकसाहेबांच्याच आवाजात, त्यांच्याच शब्दांत मी म्हणाले, "सूनबाई तरुण आहेत. ईयोबाला देवाने पुन्हा मुलं दिली, यांनाही देईल. पोरीचं नाव तेवढं घरात घेऊ नका."

मला पाळकसाहेबांना दुखवायचं होतं. बोलले मात्र मी जी-वनकडे पाहून. तिने पाण्याचा पेला उचलला होता. तो तसाच हातात धरून ती मला म्हणाली, "ताई, तिचे केस धुवायचे राहिले होते."

त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला पाळकसाहेबांनी मला उभं केलं नाही. आठवड्याने ते आमच्या घरी आले, जमिनीवर बसले आणि आईला म्हणाले, की एकतीस वर्षं मी काय बोलत होतो ते मला कळत नव्हतं. मुलांची नावं सांगा, मी ती मंडळीत वाचतो.

"थोरला हाक-सू," आई म्हणाली. "धाकटी बुन-ई. मधलीचं आठवत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, नावं घेऊ नका. मी तुमचं ऐकलं."

तिला खरंच आठवत नव्हतं. ती रात्रंदिवस आठवत राहिली, शेजारणींना विचारत राहिली. शेवटी पाळकसाहेबांनी देवळातली जुनी वही काढली. नाव तिथे होतं, ओन-योङ. तिचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता, अक्षरही त्यांचंच होतं. तेव्हापासून उपकारस्तुतीच्या रविवारी ते चार नावं वाचतात, आमची तीन आणि स-राङचं. नवी मंडळी विचारतात, ही कुणाची नावं? आज सांगितलं.

यात देवाची योजना काय होती, हे पाहुणे पाळक मला जेवताना समजावतीलच. मला एवढंच दिसतं, की एका चांगल्या माणसाने घाईघाईने दिलेलं सांत्वन माझ्या आईने आयुष्यभर सोसलं आणि मी ते जपून ठेवून एका निष्पाप बाईवर वापरलं. पाळकसाहेबांनी निदान दार वाजवून चूक कबूल केली. मी अकरा वर्षं जी-वनला चुकवत राहिले. जी-वनला पुढे मूल झालं नाही. संसारही टिकला नाही. ती बुसानला निघून गेली. आज सासऱ्यांसाठी ती आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे.

पाळकसाहेब, तुम्ही आम्हाला जे दिलंत त्याबद्दल महिला संघाच्या वतीने मनापासून आभार. पाळकीणबाईंचेही आभार. अध्यक्षांनी वेळ दिला आणि मध्ये थांबवलं नाही, त्यांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं.

जी-वन, तू मात्र पोटात घालू नकोस. तुला हवं तर सभा संपल्यावर माझ्याशी बोल, नको असेल तर बोलू नकोस. मी दाराशी उभी असेन.