कोल्हा कुणाचा

व्हँकुव्हरच्या विद्यापीठात आज ॲनिमेशन स्टुडिओच्या मुलाखती होत्या. कॉफीच्या रांगेत लॉर्नाच्या पुढे डिजिटल मीडियाची दोन पोरं हळू आवाजात भांडत होती.

"मुलाखतीत दाखवायच्या तुझ्या रीलमधला कोल्हा माझा आहे, कोल्बी."

"प्रोजेक्ट दोघांचा होता, थिया."

"जंगल तुझं. कोल्ह्याचं एकेक पाऊल मी काढलंय."

"अगं, नुसती झाडं बघून कोण नोकरी देतं?"

"मग खाली माझं नाव टाक."

"आता? कॉफी घेऊन सरळ मुलाखतीलाच जायचंय!"

"मग मीच सांगते त्यांना."

"सांग की! माझी मुलाखत तुझ्याआधी आहे, तुझं कोण खरं मानणार? कोल्हा तर आधी माझ्याच रीलमध्ये दिसणार."



लॉर्नाने पर्समधून स्टुडिओचं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

"कोल्बी, मुलाखत मीच घेणार आहे. चल, झाडांपासून सुरुवात करू या."