आत तुमचं कुणी आहे का?

सोलापुरात प्लेग होता. गावाबाहेरच्या छावणीसाठी समिती स्वयंसेवक घेत होती. रांगेत माझ्यापुढे शाळेतल्या यशोदाबाई आणि त्यांच्याही पुढे मोहोळकडची एक म्हातारी धनगरीण उभी होती.

"बाई, हितं कसलं काम देत्यात?"

"ज्याला जे जमेल ते. मी पोरकी मुलं सांभाळीन म्हणणार आहे. रोग्यांजवळ जायची भीती वाटते हो मला. तुम्हाला नाही वाटत?"

"लई वाटती. पर मला आतलंच काम पायजे, बायकांच्या तंबूतलं."

"ते का, मावशी?"

"माझी लेक हाय की तितं, मायाक्का. हिरवं इरकली लुगडं नेसवून म्याच गाडीत चढवली. तवापासनं कुनी कायबी सांगंना."

"अहो, हळू बोला! घरचं माणूस आत असलं की समिती आत घेत नाही. रडारड होते म्हणे."

"मग वो?"

"विचारलं तर कुणी नाही म्हणा."

"पोटच्या लेकीला न्हाय म्हनू?"

"पुढं या," टेबलामागून चिटणीस म्हणाले. "नाव?"

"तानाबाई."

"आत तुमचं कुणी आहे का?"

"कुनी... कुनी न्हाय."

"छान. या कामाला असंच माणूस हवं होतं. तंबूमागं जा. काल गेलेल्या बायकांची लुगडी जाळायची आहेत."

"दादा..."

"काय? भीती वाटते?"

"त्यात हिरवं हाय का वो एखादं?"