बॉनेटवरचं कुंकू

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शोरूमचे मालक शिवराजभाऊ, बँकेतून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या रूपालीताई, वर्कशॉपमधले माझे सोबती, आणि मागच्या रांगेत बसलेले पाचोडचे पुंजाराम सांडू, सर्वांना नमस्कार.

पुंजारामभाऊंचं नाव पत्रिकेत नाही. त्यांना मी बोलावलंय. माफी मागायची, एवढंच ठरवून आलो होतो.

आत्ता माझ्या निवृत्तीच्या या निरोपाला सगळे माझ्याबद्दल लई चांगलं बोलले. वॉरंटी विभागात एकवीस वर्षं, एकाही फाइलवर कंपनीचा आक्षेप नाही, असं शिवराजभाऊ म्हणाले. खरंय. पण आक्षेप येऊ नये याची युक्ती सोपी असते हो! 'वॉरंटी लागू नाही' लिहून मोकळं व्हायचं. थकलो मी ते लिहून लिहून.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पुंजारामभाऊंनी पांढरी गाडी घेतली. रंगावर सिरॅमिक कोटिंग करून घ्या, पाच वर्षं चकाकी जात नाही, अशी गळ आपणच घातली. त्यांनी केलं. सोबतच्या कार्डावर आपण छापलंय, सात दिवस गाडी धुऊ नये, पुसू नये. आणि त्याच तासाला, गाडी ताब्यात देताना, शोरूममधल्या आपल्या प्रेरणानं रिवाजाप्रमाणं बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ माझ्या हातात होता. पेढाही खाल्ला मी.

त्या माणसानं कार्ड पाळलं. सात दिवस उन्हात गाडी उभी, बोट लावलं नाही. आठव्या दिवशी धुतली, तर स्वस्तिक तसंच! कुंकू कोटिंगमध्ये मुरलेलं.

कंपनी म्हणाली, वर कोटिंग आहे, रंगाची वॉरंटी गेली. कोटिंगवाला म्हणाला, बाहेरचा पदार्थ लागलाय, आमचीही गेली. मग मी काय लिहावं? 'ग्राहकाने बाह्य पदार्थ लावला.'

पुंजारामभाऊ कागद वाचून म्हणाले, "साहेब, कुकू तुमच्या पोरीनं लावलं. म्या नाय लावलं. माझ्या मायनं तर नुसते हात जोडले व्हते."

मी म्हणालो, पुरावा आणा. नारळ धरणारा माणूस पुरावा मागत होता! वर्षभरात ते चारदा आले. दर वेळी चहा पाजला आणि फाइल मिटली. लेकीच्या सोयरिकीलाही त्यांनी ती गाडी नेली नाही, डागाची लाज वाटते म्हणून. भाड्याच्या जीपनं गेले. हे मला कळलं तेव्हा चहा गोड लागला नाही, पण फाइल काही उघडली नाही मी.

आज तुम्ही मला ही फ्रेम दिलीत. गाड्या ताब्यात देतानाचे फोटो किती हौसेनं जोडलेत! प्रेरणा, बाळा, मान खाली घालू नकोस, तुझी चूक नाही. वरून दुसरा फोटो बघा सगळ्यांनी. पांढरी गाडी, प्रेरणाचं बोट, ओलं कुंकू. शेजारी नारळ धरून हसतोय, तो मी.

तेव्हा क्षमा असावी, ही भेट मी घरी नेत नाही, फाइलला जोडतोय. माफी मागताना सोबत असावी म्हणून फाइल पिशवीतच आणलीय. माझी नोकरी साडेसहापर्यंत, आत्ता सव्वासहा झालेत. 'चूक शोरूमची, रंग आपल्या खर्चानं करून द्यावा' असं लिहून मी सही करतो.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात झालं, ते मात्र घालू नका. शिवराजभाऊ, तुमची सही इथं लागेल.