शेवंतीची चोरी

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली सातारा स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. बाकावर शेजारी एक म्हातारी मावशी होती, तिच्या मांडीवर डालड्याच्या डब्यात लावलेली शेवंती. पलीकडची तरुण बाई त्या रोपाकडे टक लावून बघत होती.

“मावशी, लय देखनी हाय वो शेवंती.”

“घे की एक फुटवा. थांब, काढून देती.”

“नगं नगं, देऊ नगासा! जावंनं दोनदा दिली, दोन्हीबी वाळली. आता म्हनती, तुजा हातच जळका. शेवंती चोरून न्यावी लागती, तवाच जगती.”

“मग चोर की.”

“तुमी बघताय न्हवं!”

“ह्ये बघ, मिटलं डोळं.”

“आन् ह्ये टोपीवालं काका?”

“आवं काका, तुमीबी मिटा वाईच.”

मी मिटले.

“मुळासकट घे गं. कडंचा घे, त्यो जोमात हाय.”

“मावशी, चोराला असं सांगत्यात व्हय?”

“बरं, गप बसती... झालं?”

“झालं. लय उपकार झालं बगा.”

“आगं, उपकार म्हनलीस! म्हंजे मीच दिल्यागत झालं की!”

“आगं बया! आता वो?”

“लाव परत डब्यात. पुन्ना चोर. काका, उघडू नगा.”

“...चोरलं, मावशी. फुलं आली की रहिमतपूरला बघायला या.”

“यीन की. कुनाच्या घरी यायचं?”

“चोर कवा पत्ता सांगतो व्हय?”